शेवटचा फर्मा

सव्वीस वर्षं मी पुस्तकं शिवते आहे, आणि त्यातली पंचवीस वर्षं मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. हसू नका. हलवाई काय दिवसभर स्वतःची मिठाई खात बसतो? माझ्यासाठी पुस्तक म्हणजे सुटलेली पानं, फाटलेली पाठ, खळ, दोरा आणि दाभण. आत काय लिहिलंय ते वाचणाऱ्यांनी बघावं. माझी खोली वाचनालयाच्या मागच्या अंगाला आहे. तिला एक खिडकी आहे आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, म्हणजे मान वर केली तरी बघायला काही नाही.

वाचायला लागले ते गोळ्यांमुळे. सांगते.

साडेपाच वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण नोकरी मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडे राहायला आली. सहा महिने राहिली. सातव्या महिन्यात ती आणि माझा नवरा एकाच टॅक्सीत बसून गेले ते गेलेच. तिची बॅग मी भरून दिली होती. मला वाटलं, हा तिला स्टेशनवर सोडायला चाललाय! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि माझ्या बाबतीत केससुद्धा मीच हातात दिला. मग झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या मी चार वर्षं घेतल्या. आधी झोपण्यासाठी, मग उठण्यासाठी, मग नुसतं खुर्चीत बसता यावं म्हणून. त्या चार वर्षांतलं मला फारसं आठवत नाही. कामावर येत होते, शिवत होते, असं लोक सांगतात.

माझी मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिला एक लेक आहे. क्षणभर एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. गेल्या वर्षी दोघी आल्या होत्या. भिंगरी माझ्या मांडीवर बसली होती आणि माझा डोळा लागला. पोरगी घसरून फरशीवर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं. मला रडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. त्याच भेटीत मी तिला चित्रं काढायला कोऱ्या पानांचं एक जाडजूड पुस्तक शिवून दिलं होतं, एवढं मात्र आठवतं. मुलगी घरी गेली आणि आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, एक वर्ष. गोळीशिवाय एक वर्ष काढ. मग आम्ही येऊ. तोवर रविवारी फोन करत जाईन, बास."

मी महिनाभर दवाखान्यात राहिले. काय काय झालं ते सांगत नाही, वैऱ्यावरही येऊ नये. परत कामावर आले तर हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. आमचे ग्रंथपाल म्हणाले, "ताई, शिवत नाही तर निदान वाचा तरी. पगार वाचायचाच देतो असं समजा." चावटपणा त्यांच्या रक्तात आहे. पण मी वाचायला लागले.

आता आमच्या कामात फर्मा म्हणजे सोळा पानांची एक जुडी. एकेक फर्मा घडी घालून एकावर एक शिवायचा, की झालं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, क्रम चुकू नये म्हणून. वाचणाऱ्यांना तो दिसत नाही, आम्हाला आधी तोच दिसतो. तर मी नियम केला. तलफ आली की एक फर्मा वाचायचा. सोळा पानं संपेपर्यंत गोळीचा विचार करायचा नाही, संपल्यावर खुशाल करायचा. बहुतेक वेळा सोळाव्या पानापर्यंत तलफ ओसरायची. नाही ओसरली तर दुसरा फर्मा. कधी दिवसाला अकरा झाले आहेत. समोर दुरुस्तीला येईल ते वाचलं: कादंबऱ्या, प्रवास, मधमाश्या पाळण्यावरचं एक. माझ्यापेक्षा जास्त फसवले गेलेले लोक पुस्तकांतून भरले आहेत, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

पाचव्या महिन्यात ग्रंथपालांनी एक जाड कादंबरी आणून टेबलावर टाकली. "घ्या. मधली पानं भलत्याच पुस्तकाची आहेत. छापखान्याने वाट लावली."

मी उघडली. खरंच, मध्येच अक्षराचं वळण बदलत होतं, कागद पिवळा होत होता. तळाशी आकडा होता एक. सकाळची वेळ होती, तलफ नव्हती, तरी वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर एक बाई दारात उभी होती. आपल्याच हातांनी भरलेली बॅग गाडीत ठेवली जाताना ती बघत होती.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हे कोणी लिहिलं? कोणाला सांगितलं होतं मी? पण कागद माझ्या लग्नाच्याही आधीचा असावा, कडांचा चुरा होत होता. पुढे ती बाई एकटीच त्या घरात राहते आणि तिला भिंतीतून खडखड ऐकू येते. आधी वाटतं उंदीर. मग ती भिंतीला कान लावते. तिथे सोळावं पान संपलं.

मी ती पानं काढायला पुस्तक हलवलं आणि पुस्तकातून खडखड आली.

खोटं कशाला सांगू, मी ते टेबलावर ठेवून खोलीबाहेर गेले. दहा मिनिटांनी आले. पुस्तकाची पाठ शिवणीला पूर्ण चिकटत नाही, कापड आणि शिवण यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहते. मी ब्लेडने कापड उकललं. आतून कागदाची बारीक नळी निघाली. नळीत सहा गोळ्या होत्या. पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या. माझ्याच.

शिवणीच्या शेवटची गाठ पाहिली. डावखुरी दुहेरी गाठ. या गावात तशी गाठ मारणारी मी एकटीच.

मग कळलं. गोळ्या मी लपवल्या होत्या, मुलगी आली की घरात शोधेल म्हणून. आणि हजारो पुस्तकांतून आपलं पुस्तक ओळखता यावं म्हणून परक्या फर्म्याची खूण घातली होती. वाचणारे छापखान्याला शिव्या देतील, बाइंडरला कोण विचारतं! अक्कल बघा माझी. शुद्धीत असताना कधी एवढी चालली नाही.

गोळ्या मी मोरीत सोडल्या आणि पाणी जाताना बघत राहिले. दुपारी सहज म्हणून ग्रंथपालांना विचारलं, की दारातल्या बाईची आणि भिंतीतल्या आवाजाची गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे. त्यांनी सगळ्या याद्या पालथ्या घातल्या. "ताई, असं पुस्तक आपल्याकडे कधी नव्हतंच," ते म्हणाले. मग ते पिवळं पुस्तक मी आणलं कुठून? ते मला आजही आठवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी कपाटांपुढे उभी राहून पुस्तकं कानाशी धरून हलवायला लागले. लोक बघायचे. बघू देत. रोज एक कपाट, दोन महिने. एकही सापडलं नाही.

पण ती आपण होऊन यायला लागली. तीन आठवड्यांनी दुसरं आलं, एका शिक्षकाने परत केलेलं. आत फर्मा क्रमांक दोन. मग तीन, एका नर्सबाईंकडून. मग चार. वाचणारे वेगळे, पुस्तकं वेगळी, कोणाचा कोणाशी संबंध नाही, आणि तरी एकाचाही क्रम चुकला नाही. जणू भिंतीपलीकडे कोणी बसून एकेक फर्मा सरकवत होतं. चौथा आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पण वाचला. न वाचून करते काय? गोष्टीतली बाई एकेका खोलीची भिंत फोडत होती आणि प्रत्येक भिंतीत तिला स्वतःच चिणून ठेवलेलं काहीतरी सापडत होतं. काय ते लिहिलेलं नव्हतं. फक्त ते पांढरं होतं आणि वाजत होतं.

सहावा आला त्याच्या आदल्या दिवशी रविवारचा फोन होऊन गेला होता. भिंगरी ताप आला म्हणून झोपली होती, मुलगी दोन वाक्यं बोलली आणि ठेवून दिला. मी सोमवारी पाठ उकलली, नळी काढली आणि मोरीपर्यंत गेलेच नाही. अॅप्रनच्या खिशात टाकली. दिवसभर काम केलं. खिशात काहीतरी आहे याचं इतकं सुख वाटत होतं की मला माझीच लाज वाटत होती. चार वाजता नियम आठवला. आधी एक फर्मा, मग विचार. सहावा उघडला. त्यात बाईने सापडलेलं ते खिशात टाकलं होतं आणि दिवसभर घरातली कामं केली होती. संध्याकाळी ती खुर्चीत बसली. पुढचं वाक्य होतं, "आता ऊठ."

मी उठले. मोरीत नळी सोडली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं, त्यातलं अर्धं माझ्या पायांवर पडलं.

सातवा परवा आला. अकरा महिने आणि नऊ दिवस झाले होते. आणखी तीन आठवडे, की मुलगी येणार होती. मी कॅलेंडरवर खुणा करत होते, शाळेतल्या पोरीसारख्या. सातव्यात बाईने घरातली शेवटची भिंतही फोडली होती. तिच्या लक्षात येतं, की हे सगळं या घरात नाहीये, एक वाटा बाहेर गेलाय, आपणच कोणाच्या तरी हातात दिलाय. आणि सोळाव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धवट तुटलं होतं: "तिने ठरवलं की आता आपण"

म्हणजे आठवा फर्मा होता.

मी पाठ उकलली. गोळ्या होत्याच. पण त्यांच्याखाली, शिवणीवर अस्तर म्हणून, लाल कापडाचा तुकडा चिकटवलेला होता. पिवळे ठिपके असलेलं लाल कापड. माझ्या मुलीचा लहानपणीचा फ्रॉक. तो मी एकाच कामासाठी कापला होता, भिंगरीच्या चित्रांच्या पुस्तकाला वरून लावायला. उरलेला तुकडा त्याच दिवशी, त्याच बैठकीत, इथे वापरला होता.

मला खुर्ची सापडेना. भिंगरी तीन वर्षांची आहे. तिला वस्तू फोडून बघायची सवय आहे आणि हाती लागेल ते तोंडात घालते. मी नातीला गोळ्या दिल्या होत्या. वरून ठिपक्यांचं कापड लावून.

आता ऐका, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते. मनात आलं, अकरा महिने काही झालं नाही, तीन आठवडे आणखी काय होतंय? त्या येतील तेव्हा पुस्तक दुरुस्त करते म्हणून मागून घेऊ, गुपचूप काढून टाकू. सांगितलं तर ती परत कधी यायची नाही. मीही आले नसते. हा विचार मी पुरता केला, शेवटपर्यंत. लपवालपवीची सवय गोळीपेक्षा चिवट असते. मग समोरचं अर्धं वाक्य पुन्हा वाचलं आणि फोन उचलला. रविवार नव्हता.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"ते लाल पुस्तक कुठे आहे? भिंगरीच्या हातातून काढ. आत्ताच्या आत्ता काढ, मग बोल."

"आई, शांत हो आधी."

"त्याच्या पाठीत गोळ्या आहेत. मी ठेवल्यात. मला आठवत नव्हतं गं, शपथ, मला आज कळलं. कालपरवा काही खिशातही ठेवल्या होत्या, घेतल्या नाहीत, पण ठेवल्या होत्या. तुला यायचं नसेल तर येऊ नको. पण ते आधी काढ!"

 मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"काढल्या आहेत," ती म्हणाली. "घरी आणलं त्याच आठवड्यात. भिंगरीने पुस्तक कानाशी धरलं आणि म्हणाली, आई, आत कोणीतरी बोलतंय. मी ब्लेडने कापून बघितलं."

"म्हणजे तुला वर्षभर माहीत होतं?"

"हो. मला वाटायचं, तुलाही माहीत आहे." ती म्हणाली. "दर रविवारी फोन करायचे ते तेवढ्यासाठीच. आज तरी सांगेल. आज तरी सांगेल. आणि तू मला मधमाश्यांबद्दल सांगायचीस."

मी तोंडावर हात दाबला. मग विचारलं, "त्यात मध्ये सोळा पानं छापलेली असतील. ती फाडलीस का?"

"फाडू देते होय ती! कोऱ्या पानांवर एक रेघ मारली नाही तिने. रोज तेवढंच वाचून दाखवावं लागतं. तोंडपाठ झालंय." मग तिने हाक मारली, "भिंगरे, इकडे ये. आजी आहे फोनवर. सांग, तुझ्या पुस्तकात त्या बाईचं काय होतं?"

फोनमध्ये श्वास ऐकू आला. मग बारीक आवाज, पाढे म्हणावेत तसा.

"ती फोन करते. मग रडते. मग आपण जातो."

मी म्हटलं, पोरं काहीही जोडतात. हो ना गं? मुलगी हसली नाही. म्हणाली, "शनिवारी येतो आम्ही. पुस्तक घेऊन येते, त्याची पाठ तू नीट करून दे."

संध्याकाळी मी साती फर्मे क्रमाने लावून दाबाखाली ठेवले. शिवायला दोरा कापला तो आठ फर्म्यांच्या मापाचा.