क्षमता : एक माणूस, बसलेला

मित्रांनो, मला चार पाय आहेत आणि त्यांतले तीन भरवशाचे आहेत. चौथ्याबद्दल सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलं आहे.

मी स्वयंपाकघरातलं एक जुनं लाकडी स्टूल. व्याकरणाप्रमाणे मी नपुंसकलिंगी आहे. पण ‘मी घाबरलं, मी कुरकुरलं’ असं बोलत राहिलो तर तुम्ही हसाल, आणि माझी गोष्ट फारशी हसण्यासारखी नाही. म्हणून पुल्लिंगात बोलतो. चालवून घ्या.

एका कपाटाच्या उरलेल्या लाकडातून मला सुताराने घडवलं. तीन पाय सरळ, स्वच्छ लाकडाचे निघाले. चौथ्यासाठी जो तुकडा उरला, त्याच्या मधोमध एक काळी गाठ होती. सुताराने तिच्यावरून दोनदा अंगठा फिरवला आणि जरा विचारात पडला. पण गिऱ्हाईक दाराशी येऊन उभं होतं. त्याने गाठीवर पॉलिशचा एक हात जास्त मारला. माणसंही आपल्या गाठींचं असंच करतात, हे मला पुढे कळलं.

गिऱ्हाईक म्हणजे एक नवं जोडपं. नवरा लिफ्ट तपासनीस होता. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि आत ‘क्षमता : सहा माणसे’ अशी पाटी लावायची की लिफ्टच बंद करायची, हे ठरवणं त्याचं काम. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती. थोडक्यात, दोघंही पोटापाण्यासाठी दुसऱ्यांना तपासणारे. सुताराने मला त्यांच्या हवाली केलं आणि म्हणाला, “बसायला दगडासारखं आहे. चढायला मात्र काढू नका.”

का, ते दोघांनीही विचारलं नाही. तपासनिसाने खिशातून जाड काळं पेन काढलं, मला उलटं केलं आणि माझ्या पोटावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘क्षमता : १ माणूस (बसलेला)’. खाली सही ठोकली. बायको खुदकन हसली. त्या हसण्यासाठीच त्याने ते लिहिलं होतं. मग त्याने मला सुलटं केलं, आणि पुढची एकतीस वर्षं ती सूचना फक्त फरशीने वाचली.

पहिली वर्षं सुखाची गेली. माझ्यावर बसून बाईंनी भाज्या निवडल्या. त्यांच्या लेकीने माझ्यावर बसून पाढे पाठ केले. सातच्या पाढ्यापाशी गाडी अडली की ती टाचेने माझ्या त्याच चौथ्या पायाला ढोसायची. माझ्या छातीत धस्स व्हायचं. पण पोरीचं वजन ते किती? पाहुणे मला सरकवून बघायचे आणि म्हणायचे, “जुनं काम आहे हो, असं आता मिळत नाही.” मी फुशारून जायचो. गाठीला मात्र हे कौतुक आपलं नाही हे ठाऊक असायचं.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, गुलाबी आणि एकीच्या मांडीवर दुसरी अशा निर्लज्जपणे बसणाऱ्या. माझी रवानगी दारामागे झाली. अंगावर रद्दी चढली. लेक शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. कुणी मला पुसेना. तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. थोडं वाटलं. पण दारामागे एक सोय असते मित्रांनो. तिथे तुमच्यावर कुणी चढत नाही.

तपासनीस निवृत्त झाला आणि माझ्या भयाचे दिवस सुरू झाले.

निरोपाच्या वेळी त्याला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. ज्याला वेळेचं काही काम उरलं नाही त्यालाच घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बायकोच्या नोकरीची चार वर्षं बाकी होती. ती साडेनऊला जायची, साडेपाचला यायची. मधले आठ तास आणि ते घड्याळ एवढंच त्याच्या वाट्याला उरलं. पहिल्या आठवड्यात त्याने घरातले सगळे स्क्रू आवळले. दुसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा आवळले. तिसऱ्या आठवड्यात घरात सैल काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने बिस्किटांचा डबा उघडला.

मी दाराच्या फटीतून बघत होतो. भुकेलेला माणूस बसतो, खाण्याकडे बघतो, मग खातो. हा उभ्याने खायचा. हात डब्यात, नजर खिडकीबाहेर आणि मन कुठेच नाही. दुसरं बिस्कीट उचलताना पहिलं संपल्याचं त्याला माहीत नसायचं. डब्याचा तळ दिसला की असा दचकायचा, जणू मधल्या वेळात कुणी चोर येऊन खाऊन गेला. अकराला एक फेरी, पाऊणला जेवण, दोनला खारे दाणे, तीनला पुन्हा डबा. घड्याळ त्याला आता बरोब्बर उपयोगी पडत होतं.

त्याचं रक्त बायकोच्याच लॅबमध्ये तपासलं गेलं. आकडा तिनेच आधी बघितला. रात्री जेवताना म्हणाली, साखर वाढली आहे तुमची. तो म्हणाला, चहात तर मी अर्धाच चमचा घेतो. ती फक्त “चहात” एवढंच म्हणाली आणि ताट उचलून उठली.

मग तिने जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं, आणि तिथेच घात झाला. तिने डबा टेबलावरून फळीवर ठेवला. त्याचा हात पोचला. तिने वरच्या फळीवर ठेवला. तो टाचा उंचावून पोचला. शेवटी तिने डबा कपाटाच्या डोक्यावर, थेट छताजवळ सरकवला. तपासनीस चणीने बुटका. तिला वाटलं, मिटला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रद्दी खाली उतरली आणि मला दारामागून ओढून काढलं गेलं.

त्याचा पहिला पाय माझ्यावर पडला तेव्हाच गाठ जागी झाली. दुसरा पडला आणि तिच्या कडेने केसाएवढी चीर गेली. मी कुरकुरलो. माझ्याकडे तेवढी एकच भाषा आहे. त्याने खाली बघितलं आणि फरशीला नावं ठेवली. सहा मजले वर दोराचा एक धागा तुटला तर खाली उभ्याने ओळखणारा हा माणूस! पण त्याचे कान त्या वेळी डब्यात होते.

तेव्हापासून मी अकराच्या ठोक्याला घाबरू लागलो. मग तीनच्या, मग साडेचारच्याही. तो चढायचा, मी कुरकुरायचो, चीर थोडी पुढे सरकायची. माझ्या मागे हातभर अंतरावर ओट्याची दगडी कड होती. तो पडला तर त्याचं डोकं कुठे आपटेल, हे मी रोज मनातल्या मनात मोजायचो आणि उत्तर रोज तेच यायचं. एकतीस वर्षं ज्याच्या घरात काढली, त्याला मीच पाडणार होतो. तेही एका बिस्किटासाठी, आणि भूक नसताना. सूचना त्याच्याच हस्ताक्षरात त्याच्याच पायाखाली होती. उलटून बघायचा तेवढा अवकाश होता. पण चढणारा माणूस खाली वाकत नाही.

तो दिवस उजाडला. तीन वाजता तो चढला. डबा कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सरकला होता, म्हणून त्याने एक पाय हवेत उचलला आणि सगळा भार टाकला नेमका चौथ्यावर. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याने तो खिशातच बोटाने स्पीकरवर सुरू केला. लेक होती.

“काय करताय बाबा?”

“काही नाही. बसलोय.”

“मग तोंडात काय आहे?”

“अजून काही नाही,” तो खरं बोलला, आणि डबा हातात आला त्याच क्षणी मी ‘कट्‌’ असा वाजलो.

हा आवाज त्याने ओळखला. भार सोसेनासा झाला की वस्तू मोडण्याआधी एकदा सांगते, हे त्याने वर्षानुवर्षं शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. त्याने उचललेला पाय हळूच माझ्यावर टेकवला, एका हाताने कपाटाची कड धरली, दुसऱ्या हाताने डबा पोटाशी घट्ट. खाली उतरावं तर पहिला भार चौथ्यावरच येणार. तो जिथल्या तिथे गोठला. मीही.

“फोन ठेवू नकोस,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी स्टुलावर आहे. पाय तडकलाय.”

“तुमचा?”

“त्याचा.”

लेकीने ऑफिसातल्या दुसऱ्या फोनवरून आईला कळवलं. लॅब वीस मिनिटांवर होती. ती वीस मिनिटं, मित्रांनो, मी जन्मभर विसरणार नाही. चीर कणाकणाने सरकत होती. मी उरलेल्या तीन पायांची शपथ घालून चौथ्याला धरून ठेवलं. लेक फोनवरून काहीबाही बोलत राहिली. तो ‘हं, हं’ करत होता. डब्याचं झाकण अर्धवट उघडलं होतं आणि बिस्किटं त्याच्या नाकाखाली होती. त्याने एकही खाल्लं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच डबा हातात असून तोंड रिकामं होतं.

दार उघडलं. बाई आत आल्या. पर्स खाली टाकून सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी माझा चौथा पाय आवळून धरला. हजारो लोकांच्या हातांतली शीर अचूक शोधणाऱ्या त्या बोटांनी नेमकी चीर शोधून दाबली. मला ते लाकडातून कळत होतं.

“आता उतरा,” त्या म्हणाल्या.

तो उतरला. फरशीवर बसला. लेकीला “उतरले” एवढं सांगून बाईंनी फोन बंद केला. तपासनिसाने मला उलटं केलं, कारण मोडकी वस्तू आधी उलटी करून बघायची हा त्याचा धंदाच होता. त्याने चीर बघितली, बोटाने गाठ चाचपली. आणि मग त्याला ते अक्षर दिसलं.

दोघांनी ते वाचलं.

“अक्षर चांगलं होतं तुमचं,” बाई म्हणाल्या.

“भूकसुद्धा नव्हती गं,” तो म्हणाला.

“मग काय होतं?”

“कंटाळा आला होता.”

बाईंनी पदराने कपाळ टिपलं. “भूक लागते. कंटाळा येतो,” त्या म्हणाल्या. “आलेल्या प्रत्येकाला जेवायला घालायलाच हवं का? पाहुणा म्हणून आला, बसेल आणि जाईल. तुम्ही त्याला रोज बिस्किटं देताय, मग तो कशाला हलतोय?” आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, “उंचावर मीच ठेवला. तेही चुकलंच.”

त्या रात्री माझ्या गळ्यात, म्हणजे पायात, ‘बंद’ अशी लाल चिठ्ठी बांधली गेली. मी रात्रभर भंगारवाल्याची वाट बघत थरथरलो. सकाळी तपासनीस लोखंडी पट्टी आणि चार स्क्रू घेऊन आला. चिरेभोवती पट्टी आवळली. मग त्याने डबा कपाटावरून काढून टेबलावर ठेवला, अगदी हाताशी. मला डब्यासमोर मांडलं. घड्याळात अकरा वाजले, आणि तो माझ्यावर बसला.

हात झाकणाकडे गेला आणि परत आला. पुन्हा गेला. त्याची मांडी थडथड हलत होती, मला सगळं कळत होतं. तो डोळे मिटून बसला, लिफ्टमध्ये उभा राहून आवाज ऐकायचा तसा. या वेळी तो स्वतःचं पोट ऐकत होता. पोट गप्प होतं. बोलत होतं दुसरंच काहीतरी. वीस मिनिटांनी तो उठला आणि पाणी प्यायला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. तिसऱ्याच दिवशी त्याने चार बिस्किटं खाल्ली, उभ्याने. संध्याकाळी बायकोने विचारायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. बाईंनी त्याच्यासमोर वाटीत दोन ठेवली आणि म्हणाल्या, भूक लागली असेल तर बसून खा. ती त्याने बसून, बघून खाल्ली. म्हणाला, यात वेलची असते हे माहीतच नव्हतं. हळूहळू त्याला त्या पाहुण्याच्या वेळा कळल्या. तो अकराला येतो, फार तर वीस मिनिटं बसतो, जाताना जरा धुसफुसतो, पण जातो. तो गेला की तपासनीस आताशा शेजारच्या इमारतींमधून फिरतो आणि लिफ्टचे आवाज फुकटात ऐकून येतो. तिथले पहारेकरी वैतागले आहेत. बाईंच्या लॅबमधला आकडा मात्र खाली उतरू लागला आहे.

मित्रांनो, माझी भीती गेली असं समजू नका. माणसाची जखम भरते, लाकडाची भरत नाही. पट्टीखाली चीर आहे तिथेच आहे. रोज अकराला त्याची पावलं वाजली की मी अजून श्वास रोखतो. आज बसेल की चढेल? तुमच्या घरीही असं एखादं स्टूल असेल. त्याची कुरकुर फरशीवर ढकलू नका. आणि हात डब्याकडे निघाला की आधी क्षणभर टेका. भूक लागली आहे की कुणी नुसतं आलं आहे, ते बघा. पाहुणा आलेला असेल तर जाऊ द्या.

गेल्या आठवड्यात त्याने मला पुन्हा उलटं केलं. मी डोळे मिटले, वाटलं, संपलं. पण त्याने खिशातून तेच जाड काळं पेन काढलं आणि जुन्या ओळीखाली एक नवी ओळ लिहिली. लिफ्टमध्ये ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये’ असं लिहितात, अगदी तशाच सरकारी थाटात :

‘कंटाळा आल्यास बसावे.’

खाली सही केली, मला सुलटं ठेवलं, आणि बसला.