आठ नंबर विकायचा नाही

लोरेटा पेल्टियरनं सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. बोलणारा कुठे अडखळतो, काय गिळून टाकतो, हे तिला लगेच कळायचं. मेन राज्यातल्या बर्च लँडिंग गावानं तिला केबल समितीची अध्यक्ष केलं ते त्यामुळेच. शिवाय त्या खुर्चीत बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हेही खरं.

केबल कंपनीचा पंधरा वर्षांचा करार २००२च्या अखेरीस संपत होता. गाव आपल्या रस्त्यांवरून तारा नेऊ देणार. बदल्यात कंपनी काय देणार, हे ठरवायचं होतं. जुन्या करारात कंपनीनं दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. एक, शाळेच्या तळघरातून चालणाऱ्या गावाच्या वाहिनीचा, म्हणजे आठ नंबरचा, खर्च उचलायचा. दुसरी, नदीपलीकडच्या टेकडीवर केबल न्यायची. आठ नंबर सुरू झाला. टेकडीवर मात्र तार पोहोचलीच नाही.

तिसऱ्या बैठकीनंतर कंपनीचे वकील व्हिटकॉम्ब कोट चढवता चढवता थांबले.

"मॅडम, आता आपण दोघंच आहोत म्हणून विचारतो. तो आठ नंबर बघतं कोण? गावसभा, शाळेच्या मुलींची बास्केटबॉल मॅच आणि त्या आजीबाईंचं विणकाम."

"विणकाम मंगळवारी असतं. तुम्ही नेमानं बघता वाटतं?"

वकील हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "टेकडीवरच्या अडतीस घरांना वर्षभरात केबल देतो. तळघराचा खर्च तेवढा सोडा. सही होईपर्यंत हे आपल्यातच राहू द्या."

लोरेटा घरी आली आणि वाटाण्याचं सूप गरम करून तसंच पुढ्यात ठेवून बसली. तिचा धाकटा भाऊ आर्माँ त्याच टेकडीवर गाई पाळून होता. दर रविवारी जेवताना त्याचा एकच टोमणा ठरलेला, "ताई, तुम्हा गाववाल्यांना साठ चॅनल आणि आम्हाला छपरावरच्या अँटेनाचा काटा. बरी अध्यक्ष झालीस." आता हो म्हटलं, तर अडतीस घरं दुवा देतील. नाही म्हटलं, तर तळघरातल्या दोन कॅमेऱ्यांपायी बाईनं सख्ख्या भावाला वाऱ्यावर सोडलं, असं लोक म्हणतील. पण 'आपल्यातच राहू द्या' हे शब्द तिला टोचत होते. ज्या सौद्याबद्दल गावात बोलायची चोरी, तो गावाचा सौदा कसला?

नोव्हेंबरातल्या जाहीर सुनावणीला अग्निशमन दलाचं सभागृह भरलं. आठ नंबरचा कॅमेरा कोपऱ्यात होताच. लोरेटानं उठून वकिलांचा प्रस्ताव शब्दन् शब्द सांगितला. व्हिटकॉम्ब लालबुंद झाले.

"दोन्ही गोष्टी कंपनीनं लिहून दिल्या होत्या," ती म्हणाली. "आता एक घ्या, एक सोडा म्हणतायत. टेकडीवरच्यांनी बोलावं. त्यांचा निर्णय मी परस्पर घेणार नाही."

मग गोठ्यातल्या बुटांसकट आर्माँ उभा राहिला.

"नदीवरचा पूल पुरात वाहून गेला त्या साली," तो म्हणाला, "मी नदीच्या या बाजूला, गावात अडकलो होतो. नऊ दिवस. ताई तेव्हा रात्रंदिवस एक्स्चेंजमध्ये, म्हणून हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. होडी किती वाजता सुटणार, औषधं कुठे मिळणार, सगळं आठ नंबरवर यायचं. मी ते बायकोला फोनवर सांगायचो आणि ती अख्ख्या टेकडीला. बाहेरच्या कुठल्या चॅनलनं आमच्या पुलाचं नावही घेतलं नव्हतं." त्यानं वकिलांकडे पाहिलं. "केबल आम्हाला हवीच आहे, साहेब. ती तुम्ही आधीच कबूल केलीय. तीच वस्तू दुसऱ्यांदा कशी विकता? आम्ही आणखी थांबू. पण आमच्या नावावर शाळेचं ते तळघर बंद करू नका."

तो अडकला होता हे लोरेटाला ठाऊक होतं, पण आठ नंबरचं त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. लोरेटानं मान खाली घालून कागद सारखे केले, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. आर्माँच्या मागोमाग टेकडीवरची माणसं एकेक करून उभी राहत होती.

सही करायचा अधिकार गावपंचांचा होता; त्यांनी त्या दिवशी ती केली नाही. कंपनीनं हिवाळाभर पत्रं पाठवली, आधी धमकीची, मग गोडीची. लोरेटा प्रत्येक पत्राला जुन्या कराराचं कलम काढून उत्तर द्यायची. मार्चमध्ये व्हिटकॉम्ब परत आले. एकतीस घरांना वर्षात तार, उरलेल्या सातांना पुढच्या वर्षी, तारखा चुकल्या तर दंड. आठ नंबरला कंपनीच्या गावातल्या उत्पन्नाचे चार टक्के द्यायची त्यांची तयारी होती. लोरेटानं पाच मागितले होते, साडेचारवर सौदा ठरला.

सही झाल्यावर वकिलांनी हात पुढे केला. "मॅडम, कायदा कुठे शिकलात?"

"कायदा नाही हो. सव्वीस वर्षं लोकांचं ऐकत बसले होते."

गावाचा वार्षिक अहवाल दरवर्षी कुणाला तरी अर्पण करायची रीत आहे, बहुतेकदा त्या वर्षी वारलेल्या एखाद्या मानकऱ्याला. त्या वर्षीच्या अहवालाच्या पहिल्या पानावर लोरेटाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'जिनं गावाचा आवाज गावाकडेच ठेवला.' आर्माँनं टेकडीवरून फोन केला.

"ताई, फोटो पाहिला. तू गेलीस की काय?"

"अजून नाही रे."

"बरं झालं. रविवारी जेवायला इकडेच ये. टेकडीवरच्या सगळ्यांनाच बोलावलंय."

ती निळा रेशमी स्कार्फ बांधून गेली. आर्माँनं अंगणात लांब टेबल मांडलं होतं, आणि टेबलाच्या टोकाची मानाची खुर्ची तिची होती.