टेकची वाक्यं

“कौन सा वाला, सर?” मयुरीनं विचारलं आणि साहेबांचा पारा चढला.

त्यांनी एवढंच विचारलं होतं, की ‘टेक’ का मतलब क्या. मध्य प्रदेशातल्या किरनापूरकडची शाळा, सहावीतली पोरगी, आणि तपासणीला आलेल्या माणसाला उलट प्रश्न! पण तिचं काय चुकलं? पुष्पलताबाईंच्या इंग्रजीच्या तासाला अर्थ पाठ करायचा नसतो, घरून वाक्य आणायचं असतं. एकट्या ‘टेक’नं फळा भरला होता. कुणाची आजी गोळी घेते, कुणाचा काका लग्नात फोटो काढतो, कुणाच्या बहिणीनं परीक्षा दिली, कुणाच्या धानाच्या रोवणीला चार दिवस लागले. इंग्रजीत सगळीकडे तोच ‘टेक’ हजर, आणि पुढे वाक्य आणणाऱ्याचं नाव.

“गाइड में एक ही मीनिंग है, लेना,” साहेब बाईंना म्हणाले. “ये सब मिटाओ. नहीं तो रिपोर्ट में लिख दूँगा. अगले साल घर बैठना.”

बाई अतिथी शिक्षिका, नेमणूक एकेका वर्षाची. चौदा वर्षं झाली, तरी दरवर्षी नव्यानं पाहुण्या. पण त्यांनी डस्टर उचललं आणि साहेबांपुढे धरलं.

“आप ही मिटाइए. बस, हमारी क्लास का नियम है. मिटाने से पहले जोर से पढ़ना पड़ता है, बच्चे का नाम लेकर.”

साहेबांनी रागारागानं सुरुवात केली. आनंदी, आजीची गोळी. पुसलं. श्रुतिका, चार दिवसांची रोवणी. पुसलं. तिसऱ्या वाक्याला आवाज अडखळला.

“मयुरी. दे टूक माय मदर टू गोंदिया हॉस्पिटल. शी डिड नॉट कम बॅक.”

मयुरी सरळ त्यांच्याकडे बघत होती.

साहेबांनी डस्टर टेबलावर ठेवलं. रिपोर्ट मात्र लिहिला, धमकी दिली होती तसाच. बाईंनी तो पूर्ण वाचला आणि खाली सही केली. गाडी फाटकाबाहेर गेली, तेव्हा मयुरी जवळ आली.

“बाई, तुमाले काढून टाकतीन का?”

“हौ. काढतीन.”

“मंग पुसून टाकाचं होतं ना माहं वाक्य. काहून नाही पुसलं?”

“त्या वाक्यात तुही माय हाये. नौकरीसाठी तिले पुसू का मी?”

बाईंनी दोन खडू काढले.

“आनंदी, श्रुतिका, उठा. पुसलेलं परत लिवा.”

आनंदीनं आजीची गोळी लिहिली. अक्षर पहिल्यापेक्षा मोठं होतं.