चाकाचा उतार

रविवारी संचिता शहाडला आली तेव्हा तिचे वडील सीताराम खिडकीपाशी बसून रुळांकडे कान लावून होते. कळव्याच्या कारशेडमध्ये त्यांनी जन्मभर गाड्यांची चाकं कातली. ते रिटायर झाले, कान झाला नव्हता.

"ऐकलंस? वळणावर कसं किंचाळतंय. झिजलंय चाक."

"बाबा, पाहुण्यांना आधी चहा विचारतात."

"तू कुठली गं पाहुणी? ठेव दोघांचा."

चहा उकळेपर्यंत त्यांचं चालूच होतं. नवं चाक रुळाला जेमतेम नखाएवढं टेकतं. झिजत गेलं की ती जागा पसरते, चाक रुळावर चपखल बसल्यासारखं दिसतं.

"म्हणजे बरंच की. सरावतात एकमेकांना."

"थोडं झिजलं तर चालतं गं. फार झिजलं की खोलगट होतं, चाकाला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो, तो जातो. त्या उतारामुळंच चाक सरकलं तरी आपोआप मध्ये येतं. तो गेला की गाडी झोकांड्या खाते, चाकाची कड रुळाला घासत राहते."

"मग?"

"मग लेथवर चढवायचं. थोडं लोखंड जातं, जाऊ दे. उतार परत येतो." त्यांनी बशीत चहा ओतला. "विनीत आजही नाही आला?"

दिवाळीनंतर संचितानं नवऱ्याचं घर सोडलं होतं. डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहत होती. तेच सांगायला आज आली होती.

"काम आहे त्याला," ती म्हणाली.

"असू दे. पुढच्या रविवारी आण."

सोमवारी सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली. दार कुणी उघडलं नाही.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावरून हलेनात. जीव कशात तरी अडकलाय, म्हणत नातेवाईक एकेक शब्द देऊ लागले. चुलतभाऊ राकेश म्हणाला, "काका, घर विकणार नाही." कावळे ढिम्म.

मंजुळाआत्यानं संचिताचा दंड धरला. विनीत स्मशानात परक्यासारखा येऊन गेला, तेव्हाच तिला काय ते कळलं होतं.

"तुझ्यातच अडकलाय गं दादा. म्हण, विनीतशी नीट नांदेन. नुसतं म्हणायला काय जातंय?"

नुसतं म्हणणं तर रविवारीही झालं होतं, आणि बाबा पुढच्या रविवारची वाट बघत गेले होते. संचिता पिंडासमोर गेली, हात जोडले.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी विनीतला सोडलंय. परत जाणार नाही. तुमच्याकडे राहायला येऊ का, हे विचारायला आले होते त्या दिवशी."