खाऱ्या पाण्यातली कुरकुर

मित्रांनो, समुद्रावर फिरायला गेल्यावर कधीतरी असा एखादा माणूस तुमच्या नजरेस पडला असेल. कानाला हेडफोन, मान खाली आणि हातातला लांब दांडा केर काढल्यासारखा डावीकडून उजवीकडे. तुम्ही एकमेकांना कोपरखळी मारून म्हणाला असाल, "हा काय वाळू झाडतोय का?" तो दांडा म्हणजे मी, मेटल डिटेक्टर. आता मी जुना झालोय. रंग उडालाय, मूठ चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. पण आवाज अजून शाबूत आहे, तोवर माझी हकीकत सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. तांब्याच्या तारेची वेटोळी करून ती ताटलीएवढ्या गोल चकतीत बसवली. ही चकती म्हणजे माझा कान. जमिनीखालच्या धातूची चाहूल तिला लागते आणि मुठीजवळची डबी तसा आवाज काढते. चकतीत पाणी शिरत नाही, डबीत मात्र शिरू शकतं. माझी तपासणी करणाऱ्या बाईंनी चकतीसमोर नाणं धरलं, तसा मी किणकिणलो. मग त्यांनी खिळा धरला. त्याला मी घोगरा हुंकार दिला. "चांगला बोलतोय की," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात घातलं.

मला विकत घेतलं ते एका शिंपीकाकांनी. गुडघ्यांनी शिवणयंत्राशी असहकार पुकारला म्हणून त्यांनी दुकान बंद केलं होतं. दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. मला बघताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, जन्मभर मान खाली घालून शिवलंत. म्हटलं, आता तरी मान जरा वर होईल. तर हे घेऊन आलात!"

"अगं, वाळूत सोनं असतं सोनं," काका म्हणाले.

कोरड्या वाळूत माझं छान जमलं. बाटल्यांची झाकणं, किल्ल्या, एकदा कुणाच्या तरी कानातलं. पण लोखंड फार सापडे. खिळे, तारा, तंबूच्या खुंट्या. काकांची पाठ भरून येई. शेवटी वैतागून त्यांनी माझं एक बटण दाबलं. त्या दिवसापासून लोखंड जाणवलं तरी मी तोंड उघडायचं नाही, असा हुकूम झाला. खाली काय आहे ते मला कळायचं, पण मी मुकाट पुढे सरकायचो.

मग काकांना कुणीतरी सांगितलं की खरा माल पाण्यात असतो. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठ्या गळून पडतात. झालं, काका मला घेऊन थेट फेसात शिरले. आणि मित्रांनो, मी जो ओरडत सुटलो तो थांबेचना! माझा नाइलाज होता. मीठ मिसळलेल्या पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे खारं पाणी मला धातूसारखंच वाटतं, सगळा समुद्र म्हणजे एक अवाढव्य भांडंच. काकांनी मला दोन चापट्या मारल्या आणि जिथून घेतलं होतं त्या दुकानात नेऊन आपटलं.

"बिघडलेलं नाहीये काका," दुकानदार म्हणाला. "खाऱ्या पाण्यात त्याचा तिखटपणा कमी करायचा, हे इथलं बटण. चकती वाळूला समांतर धरायची आणि सावकाश फिरवायची. तरीही थोडी कुरकुर करणारच तो. त्यातून खरा आवाज तुम्ही ओळखायचा."

काकांना काही तो ओळखता येईना. एके दिवशी काकूंनीच त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला आणि डोळे मिटून ऐकलं. वर्षानुवर्षं खरखरणाऱ्या लाइनीतून त्यांनी लोकांचं बोलणं वेचलं होतं.

"अहो, ही नुसती कुरकुर आहे. लाट आली की वाढते, गेली की उतरते. बोलणं वेगळं असतं."

तेव्हापासून काकू मला फिरवू लागल्या आणि काका मागून जाळीचं फावडं घेऊन खणू लागले. मला समजून घेणारं माणूस मिळालं होतं.

त्यांची मुलगी पोहणं शिकवायची. लहानपणी शिकायचं राहून गेलं अशा मोठ्या बायकांना ती ओहोटीच्या वेळी उथळ समुद्रात घेऊन जाई. त्यांतच एक बेकरीवाली होती. पाण्याला इतकी घाबरणारी, की पहिले काही दिवस ती घोट्याएवढ्या पाण्यातच उभी राहिली. कसंबसं धाडस करून ती कमरेपर्यंत पोहोचली आणि नेमकं मोठं वादळ झालं. वादळाने तळाची वाळू इकडची तिकडे केली. वर्ग पुन्हा सुरू झाला त्याच दिवशी बेकरीवालीच्या टाचेत काहीतरी घुसलं. पाणी लाल झालं. डॉक्टरांनी टाके घातले. वर्ग बंद पडला.

"मी आपली भट्टीपुढेच बरी," बेकरीवाली म्हणाली. "समुद्राला माझा नमस्कार सांगा."

मुलगी घरी आली ती गुडघ्यात डोकं घालून बसली. मग एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या डिटेक्टरने शोधता येईल का हो, काय आहे ते?"

"सोनं असतं तर शोधलं असतं. लोखंडाला तो बोलत नाही."

"बोलत नाही, की तुम्ही बोलू देत नाही?" काकूंनी विचारलं.

काका उठले आणि माझं ते बटण त्यांनी स्वतःच पुन्हा दाबलं.

रोज ओहोटीला आम्ही जाऊ लागलो. खुणेला बांबू रोवायचे, दोरी बांधायची आणि पट्ट्यापट्ट्याने पुढे जायचं. गजांचे तुकडे निघाले, डबे निघाले, साखळी निघाली. टाच फाडेल असं काही निघेना. काका म्हणाले, "झालं, आता साफ आहे."

"थांबा." काकू कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. "खाली कुणीतरी घुमतंय."

"लाट असेल."

"लाट आली आणि गेली. हा जागचा हलत नाहीये."

मी जीव तोडून सांगत होतो आणि काकू ऐकत होत्या. काकांनी फावडं घातलं, ते खणकन वाजलं. बुडी मारून आलेली मुलगी ओरडली, "नांगर आहे! होडीचा नांगर, नख्या वर करून पडलाय!"

तिने नांगराला दोरी बांधली. काका खेचू लागले. तेवढ्यात एक दांडगी लाट आली आणि काकांचे पाय सुटले. मागे, अगदी हातभरावर, गंजून टोकदार झालेली ती नखी! काकूंनी मला सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी काकांचा सदरा धरला. काका वाचले. मी डबीसकट पाण्यात गेलो. खारं पाणी आत शिरलं आणि माझा आवाज बंद झाला.

किनाऱ्यावरून बघत असलेल्या वर्गातल्या बायका धावत आल्या आणि त्यांनी मिळून नांगर बाहेर ओढला. सगळे त्याच्याभोवती जमले, काकांना कुठे लागलं का ते बघू लागले. साहजिकच होतं ते. मला कुणीतरी उचललं, घरी आणलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. गोड्या पाण्याचा हात काही फिरला नाही. आतलं पाणी सुकलं, मीठ राहिलं. माझे सांधे हिरवे पडले. माझ्या अंगावर जुन्या उशांचं गाठोडं येऊन बसलं. खालून काकूंचा आवाज ऐकू येई, एवढाच काय तो दिलासा.

वर्ग सुरू झाला, पण बेकरीवाली येईना. मुलगी पाव आणायला गेली की तिची मनधरणी करी. एकदा बेकरीवाली म्हणाली, "नांगर काढलात, कबूल. पण समुद्र काय एका जागी बसतो? उद्या आणखी काही आणून टाकेल. तुझ्या आईचं ते यंत्र आधी फिरवणार असाल, तर बघते."

त्याच संध्याकाळी गाठोडं बाजूला झालं. दुकानदाराने माझी डबी उघडली आणि तो हळहळला. "तेव्हाच बॅटरी काढून, स्वच्छ धुऊन वाळवलं असतंत, तर इतके हाल झाले नसते बिचाऱ्याचे." त्याने मीठ खरवडलं, काही भाग बदलले. मी पुन्हा किणकिणलो, तेव्हा काका दुकानातच टाळ्या वाजवू लागले.

आणि बेकरीवाली आली. काकू मला घेऊन पुढे, ती काकूंच्या पावलावर पाऊल टाकत मागे. घोटा, गुडघा, कंबर. तिचे दात वाजत होते. मी नेहमीसारखी कुरकुर करत होतो.

"काय म्हणतोय तो?" तिने घाबरून विचारलं.

काकूंनी हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला लावली. "काही नाही गं. पाणी खारं आहे म्हणून कुरकुरतोय."

"म्हणजे माझ्यासारखाच!" ती म्हणाली आणि हसली. हसता हसता मुलीच्या तळहातांवर पाठ टेकून तिने पाय सोडले. मुलीने हळूच हात काढून घेतले. बेकरीवाली तरंगत होती.

मित्रांनो, आता काकांचे गुडघे त्यांना पाण्यात जाऊ देत नाहीत. ते किनाऱ्यावर खुर्ची टाकून, निघालेल्या लोखंडाची बादली राखत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवतात. घरी गेल्यावर ओल्या फडक्याने माझी डबी पुसणं आणि नळाखाली चकती धुणं त्यांनी आपल्याकडे घेतलंय. तुमच्याकडे कामाची वस्तू असेल तर एवढं तुम्हीही करा. काम झालं की लगेच तिच्याकडे बघा, उद्यावर टाकू नका. आणि ज्याला कटकट म्हणून गप्प बसवलंय, त्याला कधीतरी बोलू द्या. वाळूखाली काय आहे ते त्याला ठाऊक असेल. तुम्ही विचारायचाच अवकाश आहे.