मनुकांचा रस

माझ्या शांतवनने दारू सोडली आणि आमच्या ख्रिस्ती देवळातलं प्रभुभोजनही सोडलं. तिथल्या प्याल्यात खरा द्राक्षारस असतो, जीभ पुन्हा चळेल म्हणून तो घाबरायचा. तीन वर्षं नुसता मागच्या बाकावर बसून राहिला. शेवटी सून नलिनीने वासणा भागात एका घरी भरणारी उपासना शोधली.

"मारुती गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये कसली गं उपासना?" मी म्हटलं. पण तिथे मनुका उकळून रस देतात म्हणाली, तेव्हा गेले. रस करायचं कामही मीच मागून घेतलं. त्यांचा पाणचट व्हायचा.

एप्रिलची गरमी, आणि मी शुक्रवारीच रस करून बरणी ओट्यावर ठेवली. रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना करून झाकण काढलं, रस ओतला, तसा आंबूस वास आला. शांतवनचा हात प्याल्याला लागलाच होता.

"थांब!" मी ओरडले. "फसफसलाय तो. दारू झालीय!"

पाळकसाहेब गोंधळले. "आजी, प्रार्थना झाली हो."

"मग पुन्हा करा. देव काय कंटाळतो?"

नलिनीने नाक्यावरच्या फळांच्या लारीवरून काळी द्राक्षं आणली. मी फरशीवर बसून धुतलेल्या रुमालातून पिळली.

शांतवन हसला. "आई, गुजरातमध्ये परमिटशिवाय गाळलीस?"

"गप्प बस आणि घे."

डोळे मिटून त्याने घेतला. मग प्याला पुन्हा पुढे केला, तशी मी हातावर चापट मारली. सगळं गॅरेज हसलं, पाळकसाहेबसुद्धा.