अर्धा कोयता

मुकादम मास्तर झाला, ही बातमी पाथर्डीच्या बाजारात आधी कोणी खरी धरली नाही. अजिनाथ पालवेनं डी.एड. फार पूर्वीच केलं होतं. पण भरती निघेना, म्हणून त्यानं वडिलांची ऊसतोडीची टोळी हाती घेतली आणि बरीच वर्षं दर हंगामाला माणसं जमवून श्रीगोंद्याकडच्या कारखान्यांवर नेली. मग एकदाची भरती निघाली, परीक्षा झाली, आणि चाळिशीला टेकलेला हा गडी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गापुढे उभा राहिला. टोळीवर ओरडायची सवय असलेला माणूस वर्गात हळू बोलेल कसा? तो पाढे सांगायला लागला की शेजारच्या वर्गातली पोरंही दचकून म्हणायला लागायची.

दसरा झाला की त्या भागातली घरं तोडीला निघतात. मागं राहणाऱ्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे जेवण शाळेत आणि झोपायला कुणा नातेवाइकाकडे. अजिनाथच्या वर्गातली जया आईबापाबरोबर जाणार असं त्याच्या कानावर आलं आणि तो बेचैन झाला. पोरगी हुशार होती, फळ्यावर भागाकार लिहून होईपर्यंत उत्तर देऊन मोकळी व्हायची. आणि एकदा टोळीबरोबर गेलेली मुलगी पुन्हा बाकावर क्वचितच दिसते, हे त्याच्याइतकं शाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. जयाची आई लंकाबाई भांडी पोत्यात भरत होती, बाप पुंजाराम कोयत्याला धार लावत होता.

"या मुकादम, बसा," पुंजाराम म्हणाला. "सूर्यभाननं टोळी बांधली बी, आन् तुमी आता आलाव व्हय?"

"नाव लिवायला आलोय," अजिनाथ म्हणाला.

घोटाळा झाला तो इथंच. त्याच्या मनात वसतिगृह होतं. पण त्या घरानं हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर एकाच अर्थानं ऐकलेलं.

"मंग लिवा की," लंकाबाई खूश होऊन म्हणाली. "आमचा दोघांचा एक कोयता तर हायच. औंदा जयाचा अर्धा धरा. लई चपळ हाय पोरगी."

नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता, अशी टोळीत माणसं मोजतात. अजिनाथनंही आयुष्यभर तशीच मोजली. पण चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या जयाकडे बघून त्याचं डोकं फिरलं.

"अर्धा कोयता काय म्हनता तिला! चौथीत हाय ती," तो इतक्या जोरात बोलला की अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं. "मी शाळेत नाव लिवायला आलोय, टोळीत न्हाई."

लंकाबाईचा चेहरा पडला. पुंजारामनं कोयता खाली ठेवला.

"शाळा आमाला नको झालीय का? बरं, तिनं ऊस न्हाई तोडला तर न्हाई. पन धाकटीला कोन बघील? आमी दोघं दिसभर फडात, आन् दीड वरसाचं लेकरू कोपीत एकटं टाकू? मागं शेजारच्या कोपीतल्या पोरीनं चुलीत हात घातला. सांगा, काय करू?"

शिक्षणाचं महत्त्व पटवून देणारं एक चांगलं भाषण अजिनाथनं वाटेत जुळवलं होतं. ते त्यानं गिळलं. बाप खोटं बोलत नव्हता. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या त्या कोप्या अजिनाथनं पाहिल्या होत्या. मोबाईल काढून त्यानं सूर्यभानला, म्हणजे आता टोळी नेणाऱ्या मुकादमाला, फोन लावला.

"सूर्यभान, तुझ्या साळूआत्याला संगं घे. टोळीतली लेकरं संभाळंल. तिचा अर्धा कोयता धर."

"कोयता न धरनाऱ्या म्हातारीचा अर्धा कोयता?" पलीकडून हसणं ऐकू आलं. "लोक येड्यात काढतील मला."

"काढू दे. बाया सारख्या कोपीकडं पळत्यात, मोळ्या तशाच पडून राहत्यात, आन् गाडी भरंना म्हनून तूच बोंबलतोस. लेकरांपाशी मानूस असलं तर बाया निवांत तोडतील. मी टोळी चालवलीय, बाबा. मला नको शिकवू."

सूर्यभाननं एक रात्र मागून घेतली आणि सकाळी होकार कळवला. साळूबाई तर गठुडं बांधून तयारच होती, एकटीला घरी करमत नव्हतं म्हणे. जयानं चुलती छबूबाईकडे झोपायचं ठरलं. अजिनाथ खुशीत होता. इतके दिवस मास्तर म्हणून वावरताना त्याला आपण उपरे आहोत असं वाटायचं, आज पहिल्यांदा तसं वाटलं नाही.

ट्रक निघाला तेव्हा धाकटी साळूबाईच्या मांडीवर हातपाय झाडत ओरडत होती. जया रडली नाही. ट्रक वळणाआड गेल्यावर ती दप्तर घेऊन सरळ शाळेत आली.

परिपाठाला मुलं रांगेत उभी राहिली. जया कंबर एका बाजूला काढून उभी होती, डावा हात कोपरात वाकवून. कडेवर कुणी नव्हतं.

"जया, नीट उभी राहा," अजिनाथ म्हणाला.

तिनं पाय जुळवले. प्रार्थना अर्ध्यावर आली तशी तिची कंबर आपोआप पुन्हा बाजूला गेली. तेव्हा अजिनाथच्या ध्यानात आलं. आईबापाला विचारलं, सूर्यभानला विचारलं, म्हातारीला विचारलं. या पोरीला कुणीच विचारलं नव्हतं.

दुपारी तो खिचडीचं ताट घेऊन तिच्याशेजारी बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"जया, तुला कुठं राहायचं हुतं गं?"

तिनं ताटातली खिचडी बोटानं सारखी केली.

"तिला माझ्याबिगर झोप येत न्हाई," ती म्हणाली.